मल्लम्माचा आवाज

गुणगुण काही केल्या जाईना. सोमेशने मिक्सरची पट्टी खाली ओढली की ती थांबायची, वर सारली की पुन्हा हजर. कोपऱ्यात उभ्या केलेल्या स्पीकरमधून एकसुरी घूं घूं येत होती आणि डाळीच्या पोत्यांच्या थप्प्यांत जिरत होती.

"काका, असं असल्यावर ताईंच्या आईचा आवाज कुठनं ऐकू यायचा? अन् फिल्म तर एकदाच पळंल म्हणता."

"एकदाच. दुसऱ्यांदा पळवायला ती शाबूत ऱ्हायला पायजे ना," शेषेराव म्हणाले. हात तेलकट होते, म्हणून त्यांनी कपाळावरचा घाम खांद्याला पुसला.

जागा उदगीरची. एके काळची शांतेश्वर टॉकीज, हल्ली डाळीचं गोदाम. आता तेही पाडायचं ठरलं होतं आणि भंगारवाल्याच्या माणसांनी वरच्या केबिनमधलं प्रोजेक्टरचं मशीन कालच खाली आणून दारापाशी उभं केलं होतं. उद्या ते टेम्पोत चढणार होतं. चित्र पाडणारा मोठा दिवा त्यातून केव्हाच गायब झाला होता, अ‍ॅम्प्लिफायर तर टॉकीज बंद पडली त्याच वर्षी गेला. उरली होती मोटार, दातेरी चाकं आणि आवाज वाचणारी खालची पेटी.

केबिन आवरताना फिल्मचा एक डबा निघाला होता. महादेवप्पांच्या कापड दुकानाची जाहिरात. पूर्वी इथे प्रत्येक सिनेमाआधी दाखवायचे ती. मुंबईहून येणारी नटी ऐनवेळी आली नव्हती म्हणून दुकानाच्या गादीवर महादेवप्पांच्या बायकोलाच बसवलं होतं. मल्लम्मा तिचं नाव. बोलली पण तीच. पुढे काही महिन्यांनी पहिल्या बाळंतपणात ती गेली. मुलगी राहिली.

ती मुलगी, वर्षाराणी, आता चाळिशीला आलेली, लातूरच्या कॉलेजात शिकवणारी, तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. आईचे फोटो तिच्याकडे ढीगभर होते. आवाज मात्र तिने जन्मात ऐकला नव्हता. डबा निघाल्याचं कळल्यावर तिने जुन्या ऑपरेटरचा शोध लावला आणि थेट लोह्याला शेषेरावांच्या दारात जाऊन उभी राहिली. "मला चित्र नको काका, आवाज तेवढा ऐकवा," एवढंच म्हणाली होती.

"चहा मागवू का काका?" तिने आत्ता विचारलं. आवाज घसघशीत, जड. कॉलेजात फोनवर नवखी माणसं तिला हमखास 'सर' म्हणायची.

"चहा नंतर. आधी ही बला घालवू."

बाजूच्या पोत्यावर तारामती बसली होती. मल्लम्माची धाकटी बहीण. वर्षाराणीला हिनेच लातुरात वाढवलं. "आक्काचा आवाज म्हंजी काय सांगू सोमेश," ती तिसऱ्यांदा सांगत होती, "बारीक, गोड. मैनाच बोलून राहिली वाटायचं. हिनं कुणाचा उचलला देव जाणे."

वर्षाराणी नुसती हसली. हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि दर वेळी तिला ते थोडं लागायचं.

शेषेराव मशीनपाशी वाकले. फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक रेघ छापलेली असते. एक लहान दिवा त्या रेघेवर उजेड टाकतो, रेघ जशी जाडबारीक होईल तसा पलीकडे उजेड कमीजास्त पोचतो आणि तिथला सेल त्याचा करंट करतो. करंट म्हणजे नखाएवढा. पूर्वी टॉकीजचा अ‍ॅम्प्लिफायर त्याला मोठा करायचा. आज ते काम लग्नाकार्यात, कीर्तनात वापरतात त्या सोमेशच्या मिक्सरने करायचं होतं. शेषेरावांना मिक्सरमधलं काही कळत नव्हतं आणि सोमेशने सिनेमाचं मशीन जन्मात उघडून पाहिलं नव्हतं. दोघे सकाळपासून एकमेकांवर खेकसत होते आणि एकमेकांवाचून चालतही नव्हतं.

"दिवा लाईटीवर हाय म्हून," शेषेराव अखेर म्हणाले. "आपल्या डोळ्याला दिसत न्हाई, पण लाईटीवरचा दिवा थरथरतो. सेलला ती थरथर बी ऐकू येते. बॅटरी पायजे. तुझ्या टेम्पोची काढ."

"बॅटरी बारा व्होल्टची. दिवा कितीचा?"

"दहाचा."

"उडंल की!"

दिवा एकच होता. शेषेरावांनी तो लोह्याहून टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आणला होता. सोमेशने मग डोकं चालवलं. जुन्या इस्त्रीच्या कॉइलचा बोटभर तुकडा कापून त्याने तारेत मध्ये घातला. बॅटरी जोडली तशी कॉइल लालबुंद झाली, दिवा पेटला आणि टिकला.

सोमेशने पट्टी वर सारली. घूं नाही. नुसती बारीक खसखस.

"आता सेलची तार नीट लाव. मघाशी नुसती टेकवली हुती," असं म्हणत शेषेरावांनी स्वतःच पिन मिक्सरच्या दुसऱ्या भोकाकडे नेली.

"थांबा!" सोमेश ओरडला. त्याने त्यांचं मनगटच पकडलं. "त्यात न्हाई काका, त्यात न्हाई. त्या लाईनीवर करंट चालू हाय. काल भजनात तसला माईक लावला हुता, त्याला मिक्सरच करंट पुरवतो. तुमचा सेल खलास झाला असता."

शेषेरावांनी हात मागे घेतला. पंचाहत्तरीत इतक्या दूर येऊन, या मुलीच्या देखत आपल्याच हाताने ते वाटोळं करून बसले असते.

पिन योग्य जागी बसली. शेषेरावांनी खिशातली लग्नपत्रिका काढून दिवा आणि सेल यांच्यामधून सर्रकन फिरवली. स्पीकर फट् फट् बोलला.

"हाव! जिता हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी डबा उघडला. आंबट, नाक झोंबणारा वास सुटला. फिल्म आकसली होती, वाळून कुरकुरीत झाली होती, कडेची भोकं जागोजाग फाटली होती. त्यांनी ती चाकांवरून, पट्ट्यांखालून, आवाजाच्या गोल ड्रमवरून ओवायला घेतली. इतक्या वर्षांनीही बोटांना वाट सापडत गेली.

याच वेळी दाराशी रिक्षा थांबली आणि काठी टेकत महादेवप्पा आत आले.

पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे. ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. वर्षाराणीने फोन केला होता, पण त्यांनी नेहमीप्रमाणे "हं" म्हणून फोन दुसऱ्या, धाकट्या बायकोच्या हातात दिला होता. मुलीशी ते पुष्कळ वर्षं बोलतच नसत. ती लहान असताना दिवाळीला लातूरला यायचे, कपडे आणायचे, मांडीवर सुद्धा घ्यायचे. ती मोठी होत गेली तसं येणं कमी झालं, बोलणं तर संपलंच. आपण जन्मलो म्हणून आई गेली आणि अप्पांनी ते कधी माफ केलं नाही, हे वर्षाराणीने शाळेत असतानाच मनाशी पक्कं केलं होतं.

ती उठून उभी राहिली. खुर्ची पुढे केली. "अप्पा, पाणी देऊ?"

महादेवप्पा बसले. तिच्याकडे न बघता तारामतीला म्हणाले, "नको म्हण तिला."

वर्षाराणी भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तारामतीचा चेहरा रागाने लाल झाला, पण दाजींसमोर तोंड उघडायची तिची रीत नव्हती.

"सोमेश, भरून घ्यायचं चालू कर," शेषेराव हळू म्हणाले.

"चालू हाय काका. लॅपटॉपवर रेकॉर्ड व्हायलंय."

शेषेरावांनी बटण दाबलं. मोटार गुरगुरली, पट्टा सरसरला, चाकं फिरली. आधी नुसतीच खरखर. मग सनईचे चार फाटके सूर. शेषेरावांची बोटं फिल्मपासून केसभर अंतरावर तिच्याबरोबर धावत होती. एक जोड आला, खट् वाजून पार झाला. दुसरा आला आणि फिल्म चाकावरून घसरली, वरचा वळसा आक्रसला. त्यांनी उघड्या बोटाने तो खाली ओढून धरला. कड बोटात घुसली. बोट काढलं असतं तर फिल्म तिथेच तुटली असती, म्हणून काढलं नाही.

आणि मल्लम्मा बोलली.

"या, बसा. आधी पाणी घ्या, मग कापड बघा. पसंत पडलं तरच न्या. न्हाई पडलं तर परत या, नवं आणून ठेवते."

बारीक, लाडिक, चिमणीसारखा लगबगीचा आवाज. पुन्हा सनई वाजली आणि टर्रकन फिल्म फाटली. तिचे तुकडे मशीनभर भिरभिरले. शेषेरावांनी मोटार बंद केली.

"आलं का? आलं का रेकॉर्ड?" वर्षाराणीने विचारलं.

"आलं ताई. सगळं आलं."

तारामती पदर तोंडाला लावून रडत होती. "हीच. हीच माझी आक्का. वर्षे, ऐकलीस का गं?"

वर्षाराणी ऐकत होती, पण तिला रडू येत नव्हतं. कुणी परकी बाई बोलून गेल्यासारखं वाटत होतं आणि तसं वाटलं याचीच तिला लाज वाटत होती.

शेषेराव बोटाला चिंधी बांधत होते. त्यांचा चेहरा फुलला होता. लोह्याहून एकटे इथे नोकरीला आले तेव्हा या गावात त्यांना या-बसा म्हणणारं कुणी नव्हतं. बायको साखराबाई गावाकडे, सासूपाशी. वरच्या कोंदट केबिनमध्ये प्रत्येक खेळाला हा आवाज मात्र न चुकता यायचा. या, बसा. त्या वेळी ते खरोखरच स्टुलावर टेकायचे. या गोष्टीत पाप नव्हतं, पण ती त्यांनी कुणाला सांगितलीही नव्हती.

"हा न्हाई," महादेवप्पा म्हणाले.

सगळे वळले.

"हा तिचा आवाज न्हाई."

"दाजी!" तारामतीने पदर खाली केला. "असं काय बोलून राहिलात? माझ्या आक्काचा आवाज मला कळत न्हाई का? ती गेल्यावर मी लातूरहून दर बुधवारी इथं येऊन बसायचे. सिनेमा कुठला का असंना, एवढं ऐकाया यायचे."

"तू इथं ऐकलीस, तारा. मी घरी ऐकली." महादेवप्पांचा आवाज चढला. "पहिल्या दिवशी आमी दोघं बघाया आलो हुतो. ती स्वतः मला कोपर मारून म्हणली, ही कोण टिवटिव करते हो? मी टॉकीजच्या मालकाला बोललो. तो हसला, म्हणला सिनेमात असाच येतो आवाज. त्यानंतर मी हितं पाय ठेवला न्हाई."

"म्हातारपणी इसरलात तुमी."

"सगळं इसरलो. ते न्हाई."

शेषेराव मध्ये पडणार होते, तारामतीच्या बाजूने. हजारदा ऐकलेला आवाज त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तोंड उघडलं, आणि नजर गेली मोटारीवर. मोटारीच्या दांड्यावर बसवलेल्या पुलीवर.

ते उघड्या तोंडानेच उभे राहिले.

"काय झालं काका?" सोमेशने विचारलं.

"पुली मोठी हाय," शेषेराव म्हणाले. "मालकानं मी यायच्या आधीच बसवून घेतली हुती. शेवटचा खेळ सुटायच्या आत देगलूरची, निलंग्याची एसटी जायची, मंग खेड्यातलं पब्लिक येईना. म्हून मशीनच जरा पळवायचं. सगळे सिनेमे असेच पळवले आमी."

हे खरं होतं. लातूरला जाऊन तोच सिनेमा पाहून आलेले उदगीरकर त्या काळी नाक मुरडून सांगत, तिथला सिनेमा फार रेंगाळतो, हिरो झोपेत चालतो. आख्ख्या गावाला एकाच वेगाची सवय झाली होती. ऑपरेटरला तर तो वेग वाटतच नव्हता.

"फिल्म पळाली की आवाज चढतो," शेषेराव म्हणाले. "महादेवप्पा बरोबर बोलून राहिले, तारामतीताई. आपुनच चुकलो."

तारामतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आपल्याच बहिणीचा आवाज आपण टॉकीजमध्ये येऊन येऊन पुसून टाकला, हे एवढ्यात मान्य करणं तिला जड होतं.

"आता?" वर्षाराणी फाटलेल्या फिल्मकडे बघत होती. "आता तर संपली."

"रेकॉर्ड हाय ना ताई. लॅपटॉपवर हळू करता येतं," सोमेश म्हणाला. "पण काका, किती हळू? जुनी पुली कुठंय?"

"जुनी कवाच भंगारात गेली. मला बी आकडा ठावं न्हाई." शेषेरावांनी महादेवप्पांकडे पाहिलं. "आता महादेवप्पाच सांगतील."

सोमेशने लॅपटॉप मांडीवर घेतला. थोडं हळू केलं.

"या, बसा. आधी पाणी घ्या..."

"न्हाई. अजून खाली."

"या, बसा..."

"अजून."

महादेवप्पांनी डोळे मिटले होते. काठीवरची बोटं घट्ट झाली होती. वर्षाराणी भिंत सोडून दोन पावलं पुढे आली. सोमेशने एकदम जास्त उतरवलं तशी बाई पुरुषासारखी घोगरली. "हे न्हाई, हा गडी झाला," महादेवप्पा चिडून म्हणाले. "गंमत लावली का?" सोमेशने सॉरी म्हटलं, जरा वर आणलं. खाली. पुन्हा कणभर वर.

"या, बसा. आधी पाणी घ्या, मग कापड बघा. पसंत पडलं तरच न्या."

तारामतीने झटकन वळून वर्षाराणीकडे पाहिलं. तिला वाटलं, तीच बोलली.

वर्षाराणीचे ओठ मिटलेले होते. स्पीकरमधून येणारा आवाज घसघशीत होता, जड होता, शब्दाच्या शेवटाला किंचित खरखरत होता. सोमेश एकदा लॅपटॉपकडे आणि एकदा ताईंकडे बघत होता.

महादेवप्पा हलले नाहीत. हाव म्हणाले नाहीत, न्हाई पण म्हणाले नाहीत. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"अप्पा," वर्षाराणी म्हणाली.

त्यांनी दचकून दोन्ही हात वर केले, मार चुकवायला करावेत तसे. "नको. जरा थांब. एकदम दोन-दोन नको बोलू."

वर्षाराणीला तेव्हा कळलं. सगळंच एकदम कळलं, आणि आनंदाच्या आधी तिला राग आला.

"म्हणून फोन द्यायचा का तिकडे? म्हणून 'नको म्हण तिला'?" तिचा आवाज फुटत होता. "मला वाटायचं मी आईला खाल्लं म्हणून तुम्ही तोंड बघत नाही माझं. आख्खं आयुष्य वाटलं अप्पा! सांगायला एक वाक्य लागत होतं."

"बारा वर्षांची झालीस अन् एका दिवाळीला आतल्या खोलीतनं हाक मारलीस." महादेवप्पा शब्द शोधत होते. "मी 'आलो गं' म्हणून उठलो. उठून दारापतुर गेलो. तिथं तू. मंग धाकट्या बायकोच्या देखत... मला झेपलं न्हाई, पोरी. राग कदीच न्हवता. शिवाची आण, राग न्हवता."

"झेपलं नाही म्हणे," वर्षाराणी म्हणाली आणि त्यांच्या समोर जमिनीवर, डाळीच्या भुकटीतच बसली. "आता झेपवा. मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात. मध्येच कुणाच्या हातात द्यायला इथे फोन नाही."

महादेवप्पांनी मान खाली घातली. "बोल," ते म्हणाले.

तारामतीने सोमेशला खूण केली. त्याने स्पीकर बंद केला. दोघे पुरुष मशीनच्या पलीकडे सरकले आणि उगाच वायरी गुंडाळू लागले. वर्षाराणी काय बोलत होती ते तिकडे नीट ऐकू येत नव्हतं. मध्ये एकदा म्हातारा हसल्यासारखा आवाज आला, मग पुन्हा तिचंच बोलणं. भांडत होती बहुतेक. बरं झालं, शेषेरावांना वाटलं. भांडायला माणूस समोर लागतो.

त्यांनी जळती कॉइल विझवली, बॅटरीची तार सोडली. फिल्मचे तुकडे गोळा करून डब्यात भरले. बोट आता ठणकत होतं.

"काका," सोमेशने हळूच विचारलं, "ताईंना बरोबर केलेलं पाठवतो. पण हे पहिलं, पळवलेलं, ह्याचं काय करू? तुमच्या मोबाईलवर टाकू का?"

आपला साधा बटणांचा मोबाईल शेषेरावांनी खिशातल्या खिशात चाचपला. मग म्हणाले, "कुणाचा हाय तो आवाज?"

सोमेश विचारात पडला. "तसा कुणाचाच न्हाई म्हणा."

"मंग पूस." आणि सोमेशचा हात लॅपटॉपकडे गेल्यावर म्हणाले, "दम धर. एकदा लाव. स्पीकरवर नको, तिकडं ऐकू जाईल."

सोमेशने हेडफोन काढून दिले. शेषेरावांनी टोपी काढली, हेडफोन कानांवर बसवले आणि जवळच्या पोत्यावर टेकले. सोमेशने लावलं. दीड मिनिटसुद्धा नाही एवढं ते. शेषेरावांची मान एकदा हलली, कुणाचं तरी म्हणणं ऐकून होकार द्यावा तशी. मग त्यांनी बोटाने खूण केली.

सोमेशने फाईल पुसली. लॅपटॉप मिटला. मिक्सरच्या खोक्यात हेडफोनची जागा रिकामी होती, पण काका ते कानांवर तसेच ठेवून बसले होते आणि सोमेशनेही ते मागितले नाहीत.